जिभेवरची साय : तोंडातल्या बुरशीला शरीर कसे ओळखते

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी इंदूरच्या लोकमान्य नगरातून आत्याचा फोन आला. पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरून तिने पहिला घास घेतला आणि जीभ भाजल्यासारखी झाली, म्हणून तिने आरशात पाहिले. "अगं, जिभेवर साय धरल्यासारखं झालंय. हे ब्लॅक फंगस तर नाही ना?" तिच्या आवाजातली भीती मला समजत होती. २०२१ च्या उन्हाळ्यात इंदूरच्या एम.वाय. रुग्णालयात म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे या ब्लॅक फंगसच्या, रुग्णांसाठी वेगळे कक्ष उघडावे लागले होते आणि अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाईक शहरभर वणवण फिरत होते. ज्यांनी ते दिवस जवळून पाहिले, त्यांच्या कानाला ‘फंगस’ हा शब्द अजून साधा लागत नाही.

आत्याला झाले होते ते ब्लॅक फंगस नव्हते. तो कँडिडा नावाच्या बुरशीचा तोंडातला संसर्ग होता. डॉक्टर त्याला ‘ओरल थ्रश’ म्हणतात आणि वेळेवर उपचार केल्यास तो सहसा लवकर बरा होतो. हे कळल्यावर तिने मला दोन प्रश्न विचारले. ही बुरशी आली कुठून? आणि माझी इम्युनिटी इतकी कमी झाली आहे का? सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, तरी या दोन प्रश्नांची उत्तरे फोनवर पाच मिनिटांत देता आली नाहीत. पहिल्याचे उत्तर ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही आणि दुसऱ्या प्रश्नातला ‘कमी’ हा शब्दच मुळात तपासून पाहावा लागतो.

बुरशी बाहेरून आलेलीच नाही

आपली बाहेरची त्वचा वरून कोरडी असते आणि तिचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. तोंड, नाक, अन्ननलिका, आतडे, श्वासमार्ग आणि योनी यांचे अस्तर मात्र ओले आणि जिवंत असते, कारण या जागी शरीराला बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण करावी लागते. या ओल्या अस्तराला श्लेष्मल त्वचा म्हणतात. उबदार, ओलसर आणि अन्नकण सतत मिळणारी ही जागा सूक्ष्मजीवांना आवडावी यात नवल नाही. तिथे असंख्य जिवाणू राहतात आणि निरोगी माणसांपैकी साधारण निम्म्यांच्या तोंडात त्यांच्यासोबत थोडी कँडिडाही राहते. ती बहुधा बाळपणातच आपल्याकडे येते आणि आयुष्यभर कसलाही त्रास न देता राहू शकते.

शरीर तिला हाकलून का देत नाही, असा प्रश्न माझे विद्यार्थी दरवर्षी विचारतात. त्यांना मी सराफ्याचे उदाहरण देते. इंदूरच्या राजवाड्याजवळचा सराफा दिवसा सोन्याचांदीचा बाजार असतो. रात्री पेढ्यांची शटरे खाली आली, की त्याच दुकानांच्या ओट्यांवर गराडू, भुट्ट्याचा कीस आणि जिलेबीचे ठेले लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत तिथे पाय ठेवायला जागा नसते. असे सांगतात, की सराफांनी हे ठेले मुद्दामच टिकू दिले, कारण रात्री माणसांचा राबता असला तर चोराला शटरापर्यंत पोचणे अवघड जाते. आपली श्लेष्मल त्वचा म्हणजे ती शटरांची रांग आणि तिच्यावर राहणारे सूक्ष्मजीव म्हणजे ओट्यांवरचे ठेलेवाले. जिवाणूंनी जागा आणि अन्न आधीच व्यापलेले असल्यामुळे नव्या आगंतुकाला शिरकाव मिळत नाही. प्रतिजैविकांच्या, म्हणजे अँटिबायोटिकच्या, लांबलेल्या कोर्सनंतर पुष्कळांना थ्रश होतो, याचे कारणही हेच आहे. ती औषधे जिवाणूंना मारतात, बुरशीला मारत नाहीत, आणि ओटे अचानक मोकळे पडतात.

शिवाय हाकलून देण्याची किंमत असते. रोगप्रतिकार यंत्रणेने हल्ला केला की सूज येते, आग होते आणि आपल्याच पेशींचा नाश होतो. जो शेजारी काही करत नाही, त्याच्यावर रोज असा हल्ला केला तर तोंड कायमचे सोललेले राहील. त्यामुळे शरीराला बुरशी आहे की नाही एवढे कळून भागत नाही. ती या क्षणी काय करते आहे, हे त्याला कळावे लागते.

एकाच बुरशीची दोन रूपे

आत्याच्या जिभेवरचा पांढरा थर डॉक्टरांनी लाकडी पट्टीने हलकेच खरवडला, तेव्हा तो सुटून आला आणि खाली लालबुंद, ओलसर जागा दिसली. तो खरवडलेला कण काचेच्या पट्टीवर घेऊन त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, की माणसाच्या पेशी हळूहळू विरघळून पारदर्शक होतात आणि बुरशी तेवढी शिल्लक दिसते. मी ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहिली. साबुदाण्याच्या दाण्यांसारख्या गोल-लांबट पेशी होत्या, काहींना बाजूने छोटा कोंब फुटलेला होता, आणि त्यांच्यामधून लांबच लांब शेवया पसराव्यात तसे तंतू सगळीकडे गेलेले होते.

गोल पेशी म्हणजे कँडिडाचे यीस्ट रूप आणि शेवया म्हणजे तिचे तंतुरूप. बुरशी तीच, फक्त वागणे वेगळे. यीस्ट रूपातली पेशी सुमारे पाच मायक्रॉनची असते, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान, आणि ती अस्तरावर नुसती बसून राहते. तंतुरूपातली मात्र अस्तराला चिकटते, पेशींच्या फटींतून वाट काढते आणि पेशींच्या आतही घुसते. हे रूपांतर प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहता येते. कँडिडा अल्बिकन्सची थोडी वाढ माणसाच्या रक्तद्रवात मिसळून ३७ अंश सेल्सिअसला ठेवली, की दोन-तीन तासांत गोल पेशींना नळीसारखे कोंब फुटलेले दिसतात. ही जुनी आणि स्वस्त चाचणी आजही या प्रजातीची ओळख पटवायला वापरतात. वर्गातल्या मुलांनी ती पहिल्यांदा पाहिली की वर्ग शांत होतो, कारण जी पेशी दुपारी बारा वाजता निरुपद्रवी दिसत होती तिने अडीच वाजेपर्यंत भाला उगारलेला असतो.

गजर कोण वाजवतो?

बरीच वर्षे असा समज होता, की अस्तराच्या पेशी म्हणजे नुसती भिंत आणि ओळखण्याचे काम रक्तातल्या पांढऱ्या पेशी करतात. हा समज आता मागे पडला आहे. अस्तराच्या पेशी स्वतःच पहिला निर्णय घेतात आणि तो दोन टप्प्यांत घेतात. बुरशीच्या भिंतीतल्या साखरेच्या साखळ्या जाणवल्या की पहिला, मंद इशारा होतो. हा इशारा यीस्ट रूपालाही मिळतो आणि तेवढ्यावर शरीर फारसे काही करत नाही. दुसरा इशारा मात्र तंतू पुरेशा संख्येने वाढले तरच होतो आणि तो झाला की खरी धावपळ सुरू होते.

हा दुसरा इशारा नेमका कशामुळे मिळतो, याचे उत्तर २०१६ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी जर्मनीतल्या येना येथील सहकाऱ्यांसोबत दिले. कँडिडाचे तंतू एक छोटे विषारी प्रथिन सोडतात, त्याला कँडिडालायसिन असे नाव देण्यात आले. ते अवघ्या ३१ अमिनो आम्लांचे आहे आणि अस्तराच्या पेशींच्या आवरणाला भोके पाडते. माणसाला रोग देणाऱ्या बुरशीत असे प्रथिनरूपी विष सापडण्याची ही पहिलीच वेळ होती. ज्या कँडिडातून या विषाचे जनुक काढून टाकले, ती तंतू व्यवस्थित बनवत होती, अस्तरात शिरतही होती; पण पेशींना इजा होत नव्हती आणि गजरही वाजत नव्हता.

म्हणजे सराफ्यातला ठेलेवाला ओट्यावर बसला आहे तोवर कोणी त्याला हटकत नाही. त्याने पहार काढली आणि शटरावर पहिला घाव घातला, की त्या घावाच्या आवाजानेच पहारेकरी जागा होतो. बुरशीचे हत्यार तेच तिचे भांडे फोडते. या विषयातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे, कारण शत्रू आणि शेजारी यांतला फरक शरीर चेहऱ्यावरून ठरवत नाही, घाव पडला की नाही यावरून ठरवते.

धावून येणाऱ्या पेशी

गजर वाजला की अस्तराच्या पेशी रासायनिक निरोप सोडतात आणि रक्तवाहिन्यांतून न्यूट्रोफिल बाहेर पडून त्या जागी गोळा होतात. न्यूट्रोफिल हा रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा सर्वांत मोठा गट आहे. आपली अस्थिमज्जा अशा पेशी रोज सुमारे दहा हजार कोटी इतक्या प्रचंड संख्येने तयार करते, कारण त्यांचे आयुष्य फार थोडे असते. त्या सूक्ष्मजीवाला गिळतात आणि आतल्या रसायनांनी मारतात.

पेशी जंतूंना गिळतात हे मुळात कळले ते बुरशीमुळेच, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. इल्या मेच्निकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये डॅफ्निया या डबक्यातल्या पारदर्शक जलपिसवेचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिने गिळलेल्या यीस्टसारख्या बुरशीचे सुईसारखे बीजाणू आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरत आणि तिथे भटक्या पेशी त्यांना घेरून गिळून टाकत. पेशींनी बाजी मारली तर पिसू जगे, बुरशीने मारली तर पिसू मरे. अस्तर भेदून शिरणारी बुरशी आणि तिला खाणाऱ्या पेशी, हे आपल्या या लेखाचे चित्र त्याने काचेखाली जिवंत पाहिले होते. १९०८ मध्ये त्याला पॉल एर्लिश यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले.

बुरशी ओळखण्यासाठी या भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर खास प्रथिने असतात. त्यांतले डेक्टिन-१ हे प्रथिन बुरशीच्या भिंतीतले बीटा-ग्लुकान, म्हणजे तिथल्या साखरेच्या साखळ्यांपैकी एक, ओळखते, हे २००१ मध्ये ऑक्सफर्डमधील संशोधकांनी दाखवले. कँडिडाही काही कच्ची नाही. ती आपले बीटा-ग्लुकान दुसऱ्या एका साखरेच्या थराखाली झाकून ठेवते. आणि तंतू इतका लांब झाला की न्यूट्रोफिलला तो गिळता येईना, तर? तेव्हा न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए बाहेर फेकून त्याचे जाळे विणतो. त्या जाळ्याला जंतुनाशक प्रथिने चिकटलेली असतात आणि तंतू त्यात अडकून मरतो. ही जाळी प्रथम २००४ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी दाखवली. लहान यीस्ट पेशी गिळता येत असेल तर न्यूट्रोफिल सहसा जाळे टाकत नाही. समोरच्याचा आकार पाहून तो हत्यार निवडतो.

सतरा क्रमांकाचा निरोप

तोंडातल्या कँडिडाच्या बाबतीत मात्र नुसत्या न्यूट्रोफिलवर भागत नाही. पेशी एकमेकींना निरोप पाठवण्यासाठी जी प्रथिने वापरतात, त्यांपैकी एका कुळाला इंटरल्यूकिन म्हणतात आणि त्यांना क्रमांक दिलेले आहेत. श्लेष्मल त्वचेचे बुरशीपासून रक्षण करण्यात सर्वांत महत्त्वाचा निरोप इंटरल्यूकिन-१७ हा आहे. तो पाठवणाऱ्या टी पेशींना, म्हणजे जंतू ओळखायला शिकणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, टीएच-१७ पेशी म्हणतात आणि २००५ मध्ये त्यांचा स्वतंत्र गट म्हणून स्वीकार झाला. हा निरोप मिळाला की अस्तराच्या पेशी न्यूट्रोफिलना बोलावणे वाढवतात आणि डिफेन्सिनसारखी जंतुनाशक प्रथिने स्वतः बनवू लागतात. लाळेत हिस्टाटिन नावाचे बुरशीनाशक प्रथिन असते, त्याचे प्रमाणही या निरोपावर अवलंबून असते. इंटरल्यूकिन-२२ हा त्याचा जोडीदार अस्तराची डागडुजी करायला लावतो.

काही पेशी हा निरोप पहिल्याच दिवशी देऊ शकतात. ज्यांना कँडिडाची ओळख आधी शिकवावी लागते, त्यांना पहिल्या वेळी काही दिवस लागतात. निरोगी प्रौढांच्या रक्तात कँडिडा ओळखणाऱ्या शिकलेल्या टी पेशी सापडतात आणि त्या मुख्यतः याच गटातल्या असतात. म्हणजे आपल्या तोंडातल्या शेजाऱ्याशी शरीराची जुनी ओळख असते. तान्ह्या बाळाच्या जिभेवर पांढरे डाग सहज दिसतात, त्याचे एक कारण असे की त्याची ही शिकवणी अजून पुरी झालेली नसते.

हा निरोप खरोखरच इतका महत्त्वाचा आहे, हे कशावरून? माणसांमध्येच त्याचे तीन वेगवेगळे पुरावे आहेत. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेत पाच तरुणांच्या विचित्र आजाराची जी छोटी नोंद प्रसिद्ध झाली आणि जिच्यापासून एड्सचा इतिहास सुरू होतो, त्या पाचही जणांना श्लेष्मल त्वचेचा कँडिडा संसर्ग होता. एचआयव्ही हा विषाणू ज्या टी पेशी नष्ट करतो, त्यांत टीएच-१७ पेशी लवकर आणि मोठ्या प्रमाणात जातात. दुसरा पुरावा जन्मजात दोषांचा. काही मुलांना अगदी लहानपणापासून तोंडात, नखांत आणि त्वचेवर कँडिडाचा चिवट संसर्ग होत राहतो; त्यांच्यापैकी काहींत इंटरल्यूकिन-१७ च्या किंवा तो निरोप स्वीकारणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातच दोष आहे, असे २०११ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी सिद्ध केले. तिसरा पुरावा औषधांचा. सोरायसिस या त्वचारोगात इंटरल्यूकिन-१७ अति झालेला असतो, म्हणून त्याला अडवणारी सेक्युकिन्युमॅबसारखी औषधे २०१५ पासून वापरात आली. ती घेणाऱ्यांपैकी थोड्या जणांना तोंडात थ्रश होतो, बहुतेक वेळा सौम्य. विषाणू, जनुक आणि औषध हे तिन्ही एकाच तारेवर बोट ठेवतात.

यातली एक गोष्ट वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. या तिन्ही प्रकारच्या रुग्णांत तोंड आणि घसा बुरशीने भरला, तरी ती रक्तात सहसा पसरत नाही. उलट केमोथेरपीने ज्यांचे न्यूट्रोफिल अगदी कमी झाले आहेत, त्यांच्यात कँडिडा रक्तात पसरण्याचा धोका असतो. म्हणजे शटरांचा पहारा वेगळा आणि तिजोरीचा वेगळा. आत्याला मी हेच सांगितले, की जीभ पांढरी झाली म्हणून बुरशी आता डोक्यात चढेल असे तिने मुळीच समजू नये.

"मग इम्युनिटी वाढवलेली बरी, नाही का?"

२०२० नंतर ‘इम्युनिटी वाढवा’ हे शब्द काढ्याच्या पुडीपासून बिस्किटाच्या वेष्टनापर्यंत सगळीकडे छापले गेले आणि लोकांच्या मनात असे चित्र तयार झाले, की प्रतिकारशक्ती म्हणजे पाण्याच्या टाकीची पातळी. जितकी वर तितके चांगले. श्लेष्मल त्वचेच्या बाबतीत हे चित्र चुकीचे आहे आणि त्याचा सर्वांत स्पष्ट दाखला स्त्रियांच्या एका अतिशय सामान्य पण कुजबुजून बोलल्या जाणाऱ्या त्रासात मिळतो.

दर चार स्त्रियांपैकी साधारण तिघींना आयुष्यात एकदा तरी योनीमार्गात कँडिडाचा संसर्ग होतो. काहींना तो वर्षातून तीन-चारदा होतो. खाज, आग, पांढरा स्राव. यांपैकी बहुतेक स्त्रिया पूर्णपणे निरोगी असतात, त्यांची प्रतिकारशक्ती ‘कमी’ नसते. २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वयंसेवक स्त्रियांच्या योनीमार्गात थोडी जिवंत कँडिडा सोडून निरीक्षण केले गेले. ज्यांना त्रास झाला त्यांच्या स्रावात न्यूट्रोफिलची गर्दी होती. ज्यांना झाला नाही त्यांच्यात तशी सूज नव्हतीच. इथे न्यूट्रोफिल येतात, पण बुरशीला नीट मारू शकत नाहीत, आणि आग होते ती मुख्यतः त्यांच्या धावपळीने. तोंडात ज्यांनी वाचवले, त्याच पेशी इथे त्रासाचे कारण होतात. ज्या बाईला वारंवार हा त्रास होतो, तिला "तुझी इम्युनिटीच कमी आहे, नीट खात जा" असे ऐकवणे शास्त्राला धरून नाही, आणि तिच्या मनाला उगाच लागते. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्या घरांत हे फार सहज बोलले जाते.

दुसरा दाखला एका दुर्मीळ आनुवंशिक विकाराचा आहे. त्यात टी पेशींची शिस्त बिघडते आणि मुलांना तोंडात चिवट थ्रश होतो. त्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-१७ च्याच विरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, सापडतात, म्हणून तेच कारण असे मानले जात होते. २०२१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले, की त्या मुलांच्या तोंडाच्या अस्तरात इंटरफेरॉन-गॅमा हा दुसरा, जहाल निरोप गरजेपेक्षा जास्त असतो आणि त्याच्यामुळे अस्तरच दुबळे होऊन बुरशीला वाट मिळते. उंदरांमध्ये तो निरोप अडवल्यावर संसर्ग कमी झाला. प्रतिकार जास्त झाल्यामुळे बुरशी वाढली, हे वाक्य काही वर्षांपूर्वी मीसुद्धा परीक्षेत चूक म्हणून खोडले असते.

हल्ल्याशिवाय नुसते वळण लावण्याचा मार्गही शरीराकडे आहे. आतड्यात स्रवणारी आयजीए नावाची प्रतिपिंडे कँडिडाच्या तंतुरूपावरच्या चिकट प्रथिनांना विशेषकरून धरतात, असे २०२१ मध्ये आढळले. यीस्ट रूपाला ती फारशी त्रास देत नाहीत. परिणामी आतड्यातली बुरशी गोल, शांत रूपात राहते. ठेला लावू द्यायचा, पहार आणू द्यायची नाही.

ब्लॅक फंगसचे काय झाले होते?

म्युकरमायकोसिस करणाऱ्या बुरशी आपल्या शरीरात राहत नाहीत. त्या मातीत, शिळ्या भाकरीवर आणि कुजणाऱ्या पाल्यात वाढतात आणि त्यांचे बीजाणू हवेतून आपल्या नाकात जातच असतात. निरोगी माणसाच्या नाकातल्या आणि फुप्फुसांतल्या भक्षक पेशी ते बीजाणू रुजण्याआधीच निकामी करतात. इथे शेजाऱ्याला ओळखण्याचा प्रश्न नसतो, येणाऱ्या प्रत्येकाला दारातच अडवायचे असते, आणि भिस्त भक्षक पेशींवर असते.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत नेमक्या याच पेशी एकाच वेळी अनेक बाजूंनी लंगड्या झाल्या. रक्तातली साखर अनियंत्रित असली की न्यूट्रोफिल मंदावतात. साखर फारच वाढून रक्त आम्लधर्मी झाले, की प्रथिनांशी बांधलेले लोह मोकळे होते, आणि हे मोकळे लोह या बुरशींना खतासारखे लागते. त्यातच कोविडसाठी दिलेल्या स्टिरॉइडने, विशेषतः जिथे ते जास्त मात्रेत किंवा जास्त दिवस घेतले गेले, साखर आणखी वाढवली आणि भक्षक पेशींनाही दाबले. जून २०२१ च्या अखेरपर्यंत देशात ४० हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली होती. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते. रक्त न मिळाल्याने मेलेला भाग काळा पडतो. काळेपणा बुरशीचा नसतो, मृत मांसाचा असतो. नाक बंद होणे, गालावर किंवा डोळ्याभोवती एका बाजूने सूज आणि दुखणे, नाकातून काळसर स्राव, एकाऐवजी दोन वस्तू दिसणे, टाळूवर काळा डाग, ही लक्षणे मधुमेही माणसात दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आत्याच्या पांढऱ्या थराशी त्याचा संबंध नव्हता.

दही, पांढरे डाग आणि लस

दह्याने थ्रश बरा होतो का, हा प्रश्न मला प्रत्येक व्याख्यानानंतर विचारला जातो. दही खाण्यात वावगे काहीच नाही. पण दह्यातले जिवाणू आणि आपल्या तोंडात किंवा योनीमार्गात पहारा देणारे जिवाणू एका जातीचे नसतात, आणि दह्यातले तिथे मुक्कामाला राहत नाहीत. औषधाच्या जागी दह्यावर विसंबू नये, आणि दही योनीमार्गात तर अजिबात लावू नये.

प्रत्येक पांढरा डाग म्हणजे बुरशी असेही नाही. सकाळी जिभेवर दिसणारा पातळ थर बहुतेकांचा असतो. थ्रशचा थर पुसून निघतो. जो पांढरा डाग पुसला तरी निघत नाही, विशेषतः गुटखा किंवा तंबाखू खाणाऱ्याच्या गालाच्या आतल्या बाजूला, तो डॉक्टरांना किंवा दंतवैद्यांना ताबडतोब दाखवावा, कारण तो कर्करोगाची पूर्वखूण असू शकतो.

बुरशीविरुद्ध माणसांसाठी मंजूर झालेली एकही लस आज बाजारात नाही. बुरशीच्या पेशी आपल्या पेशींशी पुष्कळ मिळत्याजुळत्या असतात, हे त्याचे एक कारण. आणि जो सूक्ष्मजीव निम्म्या लोकांच्या तोंडात राहतो त्याच्याविरुद्ध सरसकट चिथावणी दिली तर काय होईल, ही धास्ती दुसरे. तरी कँडिडाच्या तंतुरूपावरच्या एका चिकट प्रथिनाची लस वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांना देऊन पाहण्यात आली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ४० वर्षांखालील स्त्रियांना तिचा काही फायदा दिसला. तिचे लक्ष्य तंतूंवरचे प्रथिन आहे, याकडे मी लक्ष वेधते.

आत्याचे पुढे काय झाले

कारणे शोधायला फार दूर जावे लागले नाही. तिला दम्यासाठी स्टिरॉइडचा इनहेलर आहे आणि तो ओढल्यावर चूळ भरायला तिला कोणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल तर ते घाईत राहून गेले होते. औषधाचा काही भाग घशात आणि जिभेवर बसतो आणि तेवढ्या जागेतला पहारा झोपवतो. वरची कवळी ती रात्रीही काढत नव्हती, त्यामुळे टाळूपर्यंत लाळ पोचत नव्हती. दिवाळीपासून साखरही वाढलेली होती. यातली एकेक गोष्ट एकटी असती तर कदाचित काही झाले नसते.

डॉक्टरांनी क्लोट्रिमाझोलचे तोंडात लावायचे थेंब दिले. इनहेलरला स्पेसर, म्हणजे औषध थेट जिभेवर न आदळू देणारी नळी, जोडायला आणि प्रत्येक वेळी चूळ भरून पाणी थुंकायला सांगितले. कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायची आणि साखरेची गोळी वेळेवर घ्यायची. इनहेलर मात्र बंद करायचा नाही, हे त्यांनी दोनदा बजावले आणि तेच बरोबर होते. थ्रशच्या भीतीने दम्याचे औषध सोडणे हे थ्रशपेक्षा कितीतरी धोक्याचे आहे.

दीड महिन्याने मी हट्टाने तिच्या जिभेवरून पुन्हा नमुना घेतला. जीभ गुलाबी होती, पोह्यांवरचे जिरावण परत सुरू झाले होते. सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ शोधल्यावर पाच-सहा गोल पेशी दिसल्या, एकीला बाजूने कोंब फुटलेला. तंतू एकही नव्हता.

"म्हणजे आहेच का अजून?" तिने विचारले.

"आहे ना, आत्या. असू दे."